ग्रॅनीचा डबा, घरावरचं नाव

प्रिय मावशी,

मी २६ वर्षांची आहे, अटलांटात नर्स. आई मिरजेची, बाबा इथलेच, जॉर्जियातल्या मेकनजवळचे, ब्लॅक अमेरिकन. मराठी मला बोलता येतं, लिहिताना अडखळते. म्हणून हे पत्र मी सांगितलं आणि आईने लिहून काढलं.

तीन वर्षं नोकरी झाली. पगार वर्षाला ७०,००० डॉलर, हातात महिन्याला ४,४५० येतात. भाडं १,६५०. गाडीचा हप्ता ४३०, गाडीचा विमा १९०. शिक्षणाच्या कर्जाचे ३४०. क्रेडिट कार्डावर ६,२०० थकलेत, २४ टक्के व्याज, कमीत कमी भरायचे तेवढे म्हणजे १९० भरते. किराणा, वीज, पेट्रोल, फोन मिळून ८००. वेण्या घालून घेते त्याचे सरासरी १५०. घरी ६०० जातात: ग्रॅनीला (बाबांच्या आईला) २५०, चुलतभावाने गाडी गहाण ठेवून ८०० उचलले त्याच्या व्याजाचे २०० (दोन महिने झाले), बाकी १५० ज्याला जशी गरज लागेल तसे. बँकेत ९०० आहेत.

ग्रॅनीचा बँकेवर विश्वास नाही. ती पैसे बिस्किटांच्या डब्यात ठेवते. घर तिच्या सासऱ्यांनी बांधलं, अजून त्यांच्याच नावावर आहे, असं ती म्हणते. माझ्या वॉर्डातली त्रिनिदादची एक ताई मला त्यांच्या ‘सूसू’मध्ये (भिशीसारखं काहीतरी) ये म्हणतेय. हॉस्पिटलच्या रिटायरमेंट योजनेचा फॉर्म तीन वर्षं तसाच पडून आहे.

माझ्याच वयाच्या मामेभावाने अटलांटाजवळ जॉन्स क्रीकला घर घेतलं. (मामाने कोथरूडचा फ्लॅट विकला तेव्हा त्याला मदत केली होती.) परवा जेवताना मामी म्हणाली, “वडिलांकडचं वळण गं, तुमच्यात पैसा टिकत नाही.” आई काहीच बोलली नाही. मी खरंच उधळी आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

– मेकनची नात

प्रिय नाती,

तुझा हिशेब मी दोनदा मांडला. मामीच्या वाक्याचा राग आला होता, आणि रागात माझी बेरीज चुकते. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं: ४,३५० जातात, १०० उरतात. आता त्यात उधळपट्टी शोधायला गेले तर सापडतात फक्त वेण्यांचे १५०. त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. बारा तासांची पाळी करणाऱ्या बाईने केस कसे ठेवावेत, हे ठरवण्याचा अधिकार सल्ला सदरवालीला नाही आणि मामीला तर नाहीच.

न्यू जर्सीत एका क्रेडिट युनियनच्या, म्हणजे सभासदांच्या सहकारी बँकेच्या, काउंटरवर मी २२ वर्षं बसले. उधळे लोक पाहिलेत. उधळ्या माणसाला आपले पैसे कुठे गेले ते सांगता येत नाही. तू तर डॉलर-डॉलरचा हिशेब लिहून पाठवलास. तुझी अडचण वेगळी आहे. दोन्ही बाजूंची मिळून तू घरातली बँक होऊन बसली आहेस, आणि या बँकेला ना वेळ आहे, ना नियम, ना पासबुक. कोणीही केव्हाही यावं आणि काउंटर उघडं असावं. बँक बंद कर असं मी सांगणार नाही, कारण ते तुझ्याने होणार नाही आणि व्हायलाही नको. नियम मात्र लावायचे.

त्याआधी मामीचं वाक्य तुझ्या डोक्यातून काढू. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्यासाठी अमेरिकेचं दार मोठं उघडलं. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तापलेल्या त्याच वर्षांत झाला, हे आपण कार्यक्रमांत कधी बोलत नाही. त्या दारातून आले कोण? डॉक्टर, इंजिनियर, नर्स; गाळून घेतलेले लोक, आणि शिक्षणाचा बराच खर्च तिकडेच उरकून आलेले. तुझ्या बाबांच्या आजोबांना कोणी गाळलं नव्हतं, पण अडवलं मात्र होतं. १९३४ पासून सरकार घरकर्जांना हमी देऊ लागलं, तेव्हा ब्लॅक वस्त्यांभोवती नकाशावर लाल रंग भरला गेला आणि तिथे कर्ज मिळेना. हा भेदभाव बेकायदेशीर ठरायला १९६८ उजाडलं. इथे मध्यमवर्गाची संपत्ती घरातूनच वाढली, आणि ज्याला घर मिळालं नाही त्याच्या नातवंडांच्या हाती डाउन पेमेंट आलं नाही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या (म्हणजे सगळी रांगेत लावली तर मधोमध येणाऱ्या) गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती २,८५,००० डॉलर निघाली, मधल्या ब्लॅक कुटुंबाची ४४,९००. तुझ्या मामेभावाने कोथरूडचा फ्लॅट घालून घर घेतलं, चांगलंच केलं. पण ते त्याचं वळण नव्हे, त्याच्या वडिलांनी विकलेला फ्लॅट.

बाकी, लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ लिहिणाऱ्या आपल्या लोकांनी कोणाच्या वळणाबद्दल न बोललेलंच बरं.

आणि ताई, हे तुम्ही लिहून काढलंत, म्हणून तुमच्याशीही बोलते. मुलीने ‘आई काहीच बोलली नाही’ असं सांगितलं आणि तुम्ही ते खोडलं नाहीत. पुढच्या जेवणाला बोला.

आता ग्रॅनीचा डबा. तू ते थोडं हसून लिहिलंयस असं वाटलं. हसू नकोस. यादवी युद्ध संपत आलं तेव्हा, मार्च १८६५ मध्ये, लिंकनच्या सहीने ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक’ निघाली, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या बचतीसाठी. तुमच्या जॉर्जियात सव्हानाला शाखा होती, अटलांटालाही होती. पासबुकावर लिंकनचं चित्र असायचं, त्यामुळे पैशामागे सरकार उभं आहे असा लोकांचा समज झाला. तसं कोणी उभं नव्हतं. वरच्या मंडळींनी ते पैसे ओळखीपाळखीच्या लोकांच्या जोखमीच्या धंद्यांत घातले, त्यात १८७३ ची मंदी आली. शेवटी शेवटी, स्वतः गुलामगिरीतून सुटून पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करून बसवलं, त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर ओतले, तरी जून १८७४ मध्ये बँक बुडाली. ६१,००० खातेदार, जवळजवळ ३० लाख डॉलर. कोणी धोबीण, कोणी शेतमजूर. काहींना वर्षानुवर्षं वाट पाहून थोडेफार मिळाले, पुष्कळांना काहीच नाही. अशी गोष्ट घराघरांतून खाली येते. तपशील गळतात, ‘बँकेत ठेवू नकोस’ एवढं उरतं. सहकारी बँक बुडून निर्बंध आले की आपल्याकडच्या म्हाताऱ्या पुढची दहा वर्षं काय म्हणतात, ते आईला विचार.

तेव्हा ग्रॅनीला अडाणी समजू नकोस. तिला एवढंच दाखव की आज बँकेत माणशी २,५०,००० डॉलरपर्यंतच्या ठेवीला एफडीआयसी या सरकारी संस्थेचा विमा असतो आणि क्रेडिट युनियनमध्येही तेवढंच संरक्षण आहे. १८७४ मध्ये हेच नव्हतं. आणि तिला मॅगी लीना वॉकरची गोष्ट सांग, बहुधा तिला माहीत असेल. आई कपडे धुवायची, मुलगी घरोघर धुणं पोचवायची. १९०३ मध्ये त्याच मुलीने रिचमंडमध्ये ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ काढली. अमेरिकेत बँकेची सनद मिळवणारी ती पहिली ब्लॅक बाई. पहिल्या दिवशी एका खातेदाराने ३१ सेंट भरले म्हणतात. त्याच शहरातल्या मोठ्या बँका त्या ३१ सेंटवाल्याला दारात उभं करत नव्हत्या. डब्यातून एकदम सगळं काढायला लावू नकोस. शंभर डॉलरने सुरुवात होऊ दे, पासबुक किंवा छापील स्टेटमेंट तिच्या हातात पडू दे.

बरं, पैशाच्या कामाला लागू. पहिला नियम चुलतभावासाठी. जॉर्जियात पगारावरची उसनवारी, ज्याला पेडे लोन म्हणतात, ती २००४ मध्ये बंद केली. गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, गहाण ठेवण्याचा धंदा मात्र गहाणवटीच्या कायद्याखाली सुटला. पहिले तीन महिने महिन्याला २५ टक्के घेता येतात, नंतर साडेबारा. मी ‘महिन्याला’ लिहिलंय, वाचताना सुटू देऊ नकोस. ८०० वर तू दोन महिन्यांत ४०० भरलेस आणि ८०० जिथल्या तिथे आहेत. ही तुझी सगळ्यात महाग माया आहे.

भावाला म्हणावं, फेडरल क्रेडिट युनियनचा सभासद हो. त्यांच्यातल्या पुष्कळांकडे ‘पेडे अल्टरनेटिव्ह लोन’ नावाचं छोटं कर्ज असतं, व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला २८ टक्के. काही ठिकाणी आधी महिनाभर सभासद असावं लागतं, म्हणून आजच चौकशी करायची. ८०० डॉलर सहा महिन्यांत फेडायचे तर हप्ता साधारण १४५ पडतो, सगळं व्याज मिळून सत्तरच्या आत. कर्ज त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या खिशातून. तू सहकर्जदार म्हणून सही करायची नाही. रडला तरी नाही. काउंटरवर बसून मी जेवढे भांडलेले भाऊबहीण पाहिले, त्यांतले निम्मे त्या दुसऱ्या सहीपायी भांडले होते.

त्याने तुझे २०० सुटतात. उरलेले १०० धरून ३०० झाले. त्यातले पहिले हॉस्पिटलच्या फॉर्मला. हा फॉर्म तीन वर्षं पडून आहे हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. ना-नफा हॉस्पिटल असेल तर योजनेचं नाव ४०३(बी) असतं. एचआरला एकच प्रश्न विचार: तुमचा मॅच किती, म्हणजे मी घालते त्यावर तुम्ही किती घालता? समजा तू पगाराचे ४ टक्के घातलेस आणि तेही ४ घालतात, तर वर्षाला २,८०० डॉलर ते देतात. तो तुझ्या पगाराचाच भाग आहे, तू उचलत नाहीयेस इतकंच. कर कापायच्या आधी पैसे जातात, म्हणून तुझ्या हातात महिन्याला साधारण १७० कमी येतील, २३३ नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्या ब्लॅक बायका गोऱ्या पुरुषांच्या डॉलरमागे पासष्ट सेंटच्या आसपास कमावतात. त्यात जे कागदोपत्री तुझंच आहे ते तरी टेबलावर सोडू नकोस.

राहिले १३०. ते कार्डाकडे. आज १९० भरतेस त्यातले १२४ नुसतं व्याज. या गतीने साडेचार वर्षं लागतील, तेही मध्ये एकदाही कार्ड न घासता. फेडरल क्रेडिट युनियन १८ टक्क्यांच्या वर व्याज लावू शकत नाही (वरचं छोटं कर्ज हा अपवाद). तिथून वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड एकदम फेडलंस आणि १९० अधिक १३० असे ३२० भरत राहिलीस, तर दोन वर्षांच्या आत मोकळी होशील. कर्ज मंजूर होईल का, हा प्रश्न मनात आला असेल. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडचा क्रेडिट रिपोर्ट दर आठवड्याला फुकट पाहता येतो, ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या अधिकृत साइटवर. आधी तो वाच आणि चुका असतील तर त्या संस्थेला कळव. त्या नोंदींवरून कर्ज देणारे जो क्रेडिट स्कोअर बघतात, त्यात ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला असतं आणि ३० टक्के थकबाकी किती यालाच. वेळेवर तू भरतेसच.

बँकेतले ९०० वेगळ्या बचत खात्यात टाक, जिथे बरं व्याज मिळतं आणि ज्याचं कार्ड पाकिटात नसतं. गाडीचं टायर फुटलं तर ते, मावसबहिणीचा वाढदिवस आला तर ते नाही.

‘ज्याला जशी गरज’ वाल्या १५० चंही तसंच. त्यांना स्वतःचं खातं काढ. महिन्याच्या एक तारखेला १५० तिथे जाऊ देत, आणि संपले की सांगायचं, “या महिन्याचे संपले, एक तारखेला बघू.” ‘माझ्याकडे नाहीत’ आणि ‘या महिन्याचे संपले’ यांत फार फरक आहे. पहिल्यावर लोक वाद घालतात, दुसऱ्यावर तारीख विचारतात. आमच्या काउंटरवर हे रोज व्हायचं.

शिक्षणाच्या कर्जाबद्दल तू एकच आकडा लिहिलास, म्हणून थोडंच. कर्ज सरकारी ‘डायरेक्ट’ असेल आणि हॉस्पिटल ना-नफा असेल, तर २००७ पासून एक योजना आहे: पब्लिक सर्व्हिस लोन फॉरगिव्हनेस. पात्र योजनेतले १२० हप्ते भरले की उरलेलं माफ. तुझे छत्तीसेक कदाचित आधीच धरले जातील. त्यासाठी मालकाच्या सहीचा फॉर्म लागतो आणि हप्ता उत्पन्नावर ठरणाऱ्या योजनेत असावा लागतो, नाहीतर दहा वर्षांत माफ व्हायला काही उरतच नाही. या योजनांचे नियम सध्या बदलताहेत, म्हणून सरकारी साइट सोडून कुठेही वाचून निर्णय घेऊ नकोस, आणि ‘आम्ही माफ करून देतो, फी भरा’ असा फोन आला तर ठेवून दे.

सूसू म्हणजे आपली भिशी. पश्चिम आफ्रिकेतून कॅरिबियनमध्ये गेली आणि तिथून तुझ्या वॉर्डात आली, आपली मिरजेतच होती. नव्वदच्या दशकात आम्ही बारा जणी एडिसनला भिशी लावायचो. तीतून माझं वॉशिंग मशीन आलं. एका वर्षी तिसरा नंबर लागलेली बाई पैसे घेऊन शिकागोला गेली, आणि उरलेले नऊ महिने आम्ही फक्त चहा प्यायलो. म्हणून माझा नियम: ज्यांचं घर पाहिलंय त्यांच्याबरोबरच लावायची, आणि बुडाली तर झोप उडणार नाही एवढीच रक्कम. यातून क्रेडिट स्कोअर वाढत नाही, व्याजही मिळत नाही. पण ज्या तारखेला बाराजणी वाट पाहतात ती तारीख सहसा कोणी चुकवत नाही, हे मोठं बळ आहे. सध्या १३० कार्डालाच जाऊ देत, सूसू पुढच्या वर्षी. आणि कोणी सांगितलं की १०० घाल, ८०० मिळतील, तर ती सूसू नव्हे. खऱ्या सूसूत घालशील तेवढंच मिळतं.

मला सगळ्यात घाई वाटतेय ती घराची, आणि तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस. पणजोबांच्या नावावरचं घर, मृत्युपत्र नाही, कोर्टात वारसनोंद नाही: दक्षिणेतल्या ब्लॅक कुटुंबांत हे इतकं सर्रास आहे की त्याला नावच पडलंय, ‘हेअर्स प्रॉपर्टी’. कोर्टाकडे जायची भीती, वकिलाला पैसे नाहीत, मग पिढ्यानपिढ्या तोंडी. आईला विचार, मिरजेच्या जमिनीच्या सातबारावर किती नावं आहेत आणि बहिणींनी हक्कसोड पत्रावर सह्या कधी केल्या. इथे सातबाराच नाही असं समज, पण हिस्सेदार तेवढेच. ग्रॅनीचे दीर-नणंदा डेट्रॉइट-शिकागोकडे गेले असतील तर त्यांची मुलंही मालक, त्यांना ते माहीत नसलं तरी.

धोका असा: एखादा बाहेरचा माणूस दूरच्या एका चुलत्याचा हिस्सा स्वस्तात घेतो, कोर्टात वाटणी मागतो, आणि सगळं घर लिलावात जातं. अशा रीतीने दक्षिणेत फार जमिनी गेल्या. जॉर्जियाने २०१२ मध्ये कायदा बदलला. आता आधी मूल्यांकन करावं लागतं आणि बाकीच्या वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी मिळते. पण विकत घ्यायला पैसे लागतात. शिवाय नाव नसलं की छप्पर दुरुस्तीचं कर्ज मिळत नाही, मदत योजनांत कागद अडतात. ग्रॅनीचे २५० कशाला जातात? घरपट्टीला जात असतील तर पावत्या कोणाच्या नावाने फाटतात ते बघ आणि जपून ठेव. अटलांटात ‘जॉर्जिया हेअर्स प्रॉपर्टी लॉ सेंटर’ नावाची ना-नफा संस्था नेमकं हेच काम करते. फोन कर. आधी वंशावळ लागेल: कोण, कधी वारलं, मुलं किती. ती फक्त ग्रॅनीच्या डोक्यात आहे, आणि ग्रॅनीचं वय तू लिहिलं नाहीस.

शनिवारी मेकनला गेलीस तर डब्याचा विषय काढूच नकोस. वही घेऊन तिच्याशेजारी बैस आणि सासऱ्यांपासून सुरुवात करून नावं विचार. किती निघाली ते मला कळव, पत्र पुन्हा आईलाच लिहू दे.

तुझी,
मावशी